डाव्या हाताची दोन बोटं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. आत्याचे. वडिलांची थोरली बहीण. देवळाली कॅम्पच्या बाजारात तिचं शिवणकामाचं दुकान होतं. पुढच्या फळीवर जवानांचे गणवेश बेतून द्यायचे, बिल्ले आणि पट्ट्या टाचायच्या. पडद्याच्या मागे त्यांच्या घरच्या बायकांचे ब्लाऊज. ती स्वतः सातवीपर्यंत शिकलेली. मी नांदगावात बारावी पास झालो तेव्हा पुढे काय, हा प्रश्न घरात कुणाला पडलाच नव्हता, कारण बारावीच्या पुढे आमच्यातलं कुणी गेलंच नव्हतं. त्या उन्हाळ्यात ती एका लग्नाला गावी आली आणि परत जाताना मला बरोबर घेऊन गेली. माझे कपडे एका पिशवीत मावले.

बसमध्ये तिनं मला एवढंच सांगितलं, "आधी पदवी घे. मग तुला काय वाजवायचं ते वाजव."

मला त्यातलं दुसरं वाक्य जास्त आठवतं. नांदगावात लग्नसराईत मी बँडमध्ये बास गिटार वाजवायचो, आणि घरात त्याकडे कुणी काम म्हणूनसुद्धा पाहत नसे. आमच्याकडच्या बँडला एक हातगाडी असते. तिच्यावर कीबोर्ड, भोंगे, खाली जनरेटर. ढोल आणि पिपाण्या वाजवणारे मोकळे चालतात, नाचणाऱ्यांच्या पुढे-मागे होतात. बासवाला मात्र वायरीनं गाडीला बांधलेला असतो. गाडी चालली की तो चालतो, गाडी थांबली की तो थांबतो, गाडी खड्ड्यात गेली की त्याच्या खांद्याला हिसका बसतो. बासचा आवाजही कुणाच्या कानावर वेगळा असा येत नाही. पण तो बंद झाला की नाचणाऱ्यांचे पाय जड होतात, हे मला तेव्हाच कळलं होतं. म्हणून मी कधी बंद होत नसे.

मी नाशिकमध्ये बी.कॉम. केलं. रोज कॅम्पातून बसनं यायचं, कॉलेज करायचं, संध्याकाळी दुकानात काजं-बटणं करायची आणि मग मागच्या खोलीत गिटार घ्यायची. आत्याच्या मशीनचा आवाज चालू असायचा, मी त्याच्या लयीत वाजवायचो. निकाल लागला त्या दिवशी तिनं दुपारनंतर दुकान बंद ठेवलं आणि बाजारात पेढे वाटले. पदवीदान समारंभातला माझा फोटो तिनं बिल्ल्यांच्या नमुन्यांशेजारी लावला. कुठल्या हुद्द्याचा बिल्ला कसा, हे पाहायला आलेला जवान माझाही फोटो पाहून जायचा.

नंतर मी नोकरी धरली नाही, तेव्हा धाकटे काका कॅम्पात येऊन म्हणाले की पोरगा बी.कॉम. झाला आणि पुन्हा स्वतःला गाडीला बांधून घेतलं. आत्या कापड बेतत होती. तिनं कात्री खाली ठेवली नाही.

"शिकवला मी. वाजवतो तो. तुझं काय जातंय त्यात?"

काका चहा न घेता गेले. काही वर्षांनी त्यांच्याच मुलीच्या हळदीला त्यांनी मला वाजवायला बोलावलं, ही गोष्ट वेगळी.

आता मी बास वाजवूनच जगतो. आमचा चौघांचा गट आहे आणि आम्ही फंक आणि जॅझ वाजवतो. नाशिकात हे ऐकतं कोण, असं पुण्या-मुंबईचे लोक विचारतात. शनिवारी संध्याकाळी गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षमळ्यांतल्या वायनरीत या, कोण ऐकतं ते दिसेल. त्यातले निम्मे ऐकत नाहीत, ग्लास धरून सूर्यास्ताचे फोटो काढतात, पण पाय हलतात त्यांचे. लग्नांचे लॉन्स आहेत, कंपन्यांचे कार्यक्रम आहेत. आठवड्यात मुलं शिकायला येतात. त्यांना पहिल्या दिवसापासून अंगठ्यानं तारांवर थापा मारायच्या असतात, कारण ते व्हिडिओत छान दिसतं. मला ते फार आवडत नाही. मला जुन्या, मळलेल्या, आवाज बसलेल्या तारा आवडतात. नव्या तारा घातल्या की बास सारखा बोलत सुटतो. जुन्या झाल्या की तो हुंकार भरायला लागतो. मी तारा तुटेपर्यंत बदलत नाही. आणखी एक नियम म्हणजे कार्यक्रमाआधी मिसळ खायची नाही. नाशकात राहून हा नियम पाळणं सोपं नाही, पण कमरेला गिटार लावून तीन तास उभं राहायचं असतं.

जॅझ मला लवकर जमलं. जॅझमध्ये बास चालतो, एकेका मात्रेवर एकेक पाऊल टाकत, आणि चालण्याची मला सवय होतीच. फंक जमायला मात्र वेळ लागला. फंकमध्ये पहिल्या मात्रेवर सगळे एकत्र येतात, तबल्यात समेवर येतात तसे, आणि मध्ये मोकळी जागा असते. मला ती जागा सोसायचीच नाही. आमचा ड्रमर नाशिक रोडचा, रेल्वेत नोकरी करून वाजवतो. पहिल्या तालमीत त्यानं वाजवता वाजवता काठ्या खाली घेतल्या.

"वरात पुढे ढकलतोयस का तू?" तो म्हणाला. "इथे कुणी रस्त्यात नाही उभं. थांब की जरा. मी आहे ना, मी पकडतो."

बाकीचे हसले. मीही हसलो, पण तो म्हणाला ते बरोबर होतं. नांदगावच्या रस्त्यावर बास थांबला तर नाचणारे थांबायचे, नाचणारे थांबले की मागून येणारा टेम्पो हॉर्न द्यायचा, आणि मग नवरदेवाचा मामा बँडमालकाच्या अंगावर यायचा. न थांबणं हेच माझं शिक्षण झालं होतं. ड्रमरनं मला थांबायला शिकवलं. वर्ष-दीड वर्ष तो रिकाम्या जागी माझ्याकडे भुवया उंचावून बघायचा आणि मी हात तारांवर नुसता ठेवायचो. आता या संगीतात मला सगळ्यात जास्त आवडते ती हीच जागा.

हे सगळं सविस्तर सांगितलं, कारण मागच्या वर्षी हे सगळं जाईल असं मला वाटलं होतं.

सुरुवात शर्टाच्या बटणापासून झाली. उजव्या बाहीचं बटण मी डाव्या हातानं लावतो, ते एका सकाळी लागेना. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, म्हणजे थंडीत मांडी घालून बसल्यावर पाय होतो तसं. चोळलं, गेलं. दुसऱ्या दिवशी परत आलं. मग ते जाईना. बास वाजवणाऱ्याचा डावा हात गिटारच्या मानेवर तारा दाबत असतो, आणि करंगळी हे त्यातलं सगळ्यात अशक्त, पण सगळ्यात लांब पोहोचणारं बोट. ती नीट दाबली नाही की सूर फुटतो, तार घरघरते. मी घरघर ऐकली आणि गिटार खाली ठेवली.

मी कुणाला सांगितलं नाही. बायकोला म्हणालो, थंडी आहे. गाण्यांमधल्या चाली बदलून पहिल्या दोन बोटांवर आणल्या. लांबचे सूर सोडून दिले आणि त्या जागी थांबायला लागलो. ड्रमरला वाटलं, मी अखेर पूर्ण शिकलो. एकदा तो खूश होऊन म्हणाला की आता तू काय मस्त कमी वाजवतोस. मी मान हलवली. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. मला दुसरं काम येत नव्हतं असं नाही, पदवी होती. पण चाळिशीत आलेल्या बी.कॉम.ला कुठे उभं करतात, ते मला माहीत होतं. आणि त्याहून मोठी भीती वेगळी होती. आत्यानं एवढ्या लोकांची तोंडं बंद केली होती, ती पुन्हा उघडतील. हाताच्या आधी मला ती तोंडंच आठवायची.

आत्या आता वडोदऱ्याला मुलीकडे असते. दुकान बंद करून बरीच वर्षं झाली. तिचे कान गेलेत. यंत्र आणून दिलंय, ते ती डब्यात ठेवते, कारण त्यातून भांडीच जास्त ऐकू येतात असं तिचं म्हणणं. मुलीच्या घरी एकदा मी रेकॉर्डिंगवरच्या गाण्याबरोबर वाजवलं तेव्हा तिनं सांगितलं होतं की गाणारीचं काही कळत नाही, पण तुझं जाडं जाडं येतंय. मात्र फोनवर तिच्याशी बोलणं म्हणजे दोघांनी वेगवेगळ्या गोष्टी सांगणं.

त्याच हिवाळ्यात घरातल्या एका साखरपुड्याला ती नाशिकला आली. जेवणाच्या पंगतीत ती माझ्यासमोर बसली होती. मी डाव्या हातानं पाण्याचा पेला उचलला, तो निसटला, मी उजव्यानं सावरला. एवढंच झालं. तिनं वाटीतून नजर वर केली. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना आपण किती मोठ्यानं बोलतो हेही कळत नाही.

"तुझा हात का झोपलाय रे?"

सगळी पंगत थांबली. मुलीकडचे आणि मुलाकडचे, दोन्ही माझ्या हाताकडे बघायला लागले. मी काही नाही म्हणून मान हलवली.

"काही नाय कसं? बटणसुद्धा उघडं हाय तुझं. दाखव इकडं."

मी पानांवरून हात पुढे केला. तिनं करंगळी धरली, नखानं दाबली, आणि विचारलं की कळतंय का. माझा चेहरा पाहून तिला उत्तर मिळालं. बायको शेजारीच बसली होती. ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती, तिचं वर्णन करत नाही. आमच्या टेबलाशी जिलेबी घेऊन उभा असलेला वाढपीसुद्धा सहानुभूतीनं म्हणाला, "साहेब, बी-ट्वेल्व्ह घ्या."

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर आत्यानं माझ्याकडून वचन घेतलं. डॉक्टरकडे जायचं, आणि तो काय म्हणाला ते मी स्वतः लिहून कळवायचं. फोन नको, मुलीच्या मोबाईलवर निरोपही नको. "फोनवर तू खोटं बोलतोस, आणि मला ते ऐकूबी येत नाय," ती म्हणाली. "कागदावर लिही. अक्षरावरून कळतं मला."

डॉक्टरांकडे बायको बरोबर आली. आता तिनं मला एकटं सोडलंच नसतं. त्यांनी हातातल्या नसांची तपासणी करून घ्यायला सांगितली. हाताला चकत्या चिकटवून बारीक करंट सोडतात आणि तो नसेतून किती वेगानं जातो ते बघतात. अहवाल मिळेपर्यंत मी बाहेरच्या बाकावर बसून मनातल्या मनात मुलांना शिकवायच्या गोष्टी ठरवत होतो, म्हणजे वाजवता आलं नाही तरी शिकवता तरी येईल. मानेच्या मणक्यात काही असेल तर काय, ऑपरेशन करून हात बरा झाला नाही तर काय, असं बरंच काही त्या बाकावर झालं.

डॉक्टरांनी अहवाल बाजूला ठेवला आणि माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला एका ठिकाणी बोट दाबलं. करंगळीच्या टोकापर्यंत वीज गेली.

"मान ठीक आहे. नस इथे दबते आहे," ते म्हणाले. "कोपर दुमडून कशावर टेकवून बसता का? टेबलाच्या कडेवर?"

मी नाही म्हणालो. मोटारसायकल? फार नाही. मोबाईल? नाही. ते विचारात पडले. मग त्यांनी विचारलं की रात्री कसे झोपता. मी म्हणालो, कुशीवर, सगळे झोपतात तसाच.

"गिटारला धरून झोपतात," बायको म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा काढला. मला आधी त्यात विचित्र काय, हेच कळलं नाही. मग समजावून सांगावं लागलं. बँडमध्ये असताना लग्न आटोपून टेम्पोत परत यायचो. टेम्पोच्या हौद्यात माणसं आणि वाद्यं एकत्र कोंबलेली. वळणावर ढोल घरंगळायचे, पिपाण्यांना पोचे पडायचे, आणि कधी एखादं वाद्य वाटेत चहाला थांबलो तिथेच राहायचं. म्हणून बँडमालकाचा नियम होता की ज्याचं वाद्य त्यानं कवेत धरूनच झोपायचं. मी गिटारच्या मानेभोवती डावा हात घालायचो, कोपर पूर्ण दुमडून, हौद्याच्या लोखंडी पट्टीवर टेकवून. त्याशिवाय झोपच यायची नाही अशी सवय लागली. टेम्पो गेला, सवय राहिली. आता आम्ही पुण्याहून गाडीनं परत येतो तेव्हाही गिटार डिकीत न ठेवता मी तिला कवेत घेऊन मागच्या सीटवर झोपतो. आणि घरी, सराव करता करता पलंगावर डोळा लागतो, तेव्हा ती अंगावरच असते. बायकोनं सुरुवातीला ती काढून ठेवायचा प्रयत्न केला होता. झोपेत मी ती अजून घट्ट धरतो म्हणे.

"म्हणजे वाजवून नाही झालं हे," मी डॉक्टरांना विचारलं.

"वाजवून नाही. प्रेमानं झालंय," ते म्हणाले. "मिठी सोडा. नस वेळेवर सापडली आहे, तिला जागा मिळाली की ती आपली आपण सुधारेल."

ऑपरेशन नको. रात्री कोपराभोवती टॉवेल गुंडाळून त्यावर पट्टी बांधायची, म्हणजे हात दुमडता येणार नाही. काही आठवडे वाजवणं बंद. गिटार रात्री दुसऱ्या खोलीत. बाहेर आल्यावर मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो. बायकोला वाटलं चक्कर आली. चक्कर नव्हती. कित्येक दिवस आत आवळून धरलेलं काहीतरी सुटलं होतं. तिनं समोरच्या गाड्यावरून उसाचा रस आणला. तो मी पेला दोन्ही हातांनी धरून प्यायलो.

पहिल्या काही रात्री झोप आली नाही. टॉवेल गुंडाळलेला हात लाकडासारखा बाजूला पडलेला, आणि कुशीत रिकामं. बायकोनं एक उशी दिली. उशीला मान नसते, पण चालवून घेतलं.

मी नव्हतो तेव्हा गटानं एका कीबोर्डवाल्याला घेतलं. तो डाव्या हातानं बासचे सूर वाजवायचा. हे मला आधी टोचलं. बासचं काम कीबोर्डवाल्याच्या एका डाव्या हातानं होतंय म्हटल्यावर बासवाल्याला परत कोण बोलावणार? एका रविवारी दुपारी ड्रमरचा फोन आला. त्यानं आधी हाताची चौकशी केली.

"लवकर ये रे बाबा," तो म्हणाला. "हा थांबतच नाही."

मी फोन ठेवला आणि एकटाच हसत राहिलो.

परतलो तो शनिवार होता. साऊंड चेकला वायनरीत अजून खुर्च्या मांडत होते. ड्रमरनं काहीच विचारलं नाही, नुसती चाल सुरू केली, सावकाश, मला सोपी जाईल अशी. मी सुरुवातीला दोन बोटांवरच राहिलो. मग एका जागी हात मानेवर पुढे नेला आणि लांबचा सूर करंगळीनं दाबला. तार घरघरली नाही. सूर गोल आणि पूर्ण आला, खुर्च्या मांडणाऱ्यानं मान वर केली, आणि ड्रमरनं न बघताच झांजेला एक हलका टोला दिला. पुढच्या वेळी तो सूर आला तेव्हा मी परत दाबला. बोटात अजून थोड्या मुंग्या होत्या, पण तार खाली होती आणि ती कळत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याला पत्र लिहिलं. डॉक्टरांनी नस सापडल्याचं सांगितलं तेव्हाच लिहायला हवं होतं, पण वाजवून पाहिल्याशिवाय मला खरं लिहिता येणार नव्हतं. ते असं:

आत्या,

तू सांगितलंस म्हणून कागदावर लिहितोय. अक्षर मोठं काढलंय, चष्मा सापडला नाही तरी वाचता येईल.

हात बरा आहे. हे आधीच लिहितो, म्हणजे पुढचं तू निवांत वाच. कोपरात नस दबली होती. मानेत काही नाही, ऑपरेशन नाही. मी गिटारला धरून झोपायचो, त्यानं झालं. तू हसशील, हस. डॉक्टरही हसले. आता रात्री हाताला टॉवेल बांधून झोपतो. तुझी सून तो इतका घट्ट बांधते की सकाळी सोडायलाही तीच लागते.

काल वाजवलं. अडीच तास वाजवलं आणि नीट वाजलं. मी खोटं सांगत असेन असं तुला वाटेल, म्हणून सांगतो की शेवटच्या दोन गाण्यांत बोट दमलं होतं आणि मी ते वापरलं नाही. डॉक्टर म्हणतात, पूर्ण ताकद यायला अजून काही महिने जातील. त्याची मला आता घाई नाही.

पंगतीत तू ओरडली नसतीस तर मी अजूनही लपवत बसलो असतो. तेव्हा तुझा राग आला होता. आता नाही.

उन्हाळ्यात ये. आमच्या दोघी पोरींना सुट्टी आहे, त्या तुला घ्यायला येतील. येताना कानाचं यंत्र डब्यातून काढून आण, भांडी मी हळू घासायला सांगेन.

हे लिहिताना डाव्या हातानं कागद दाबून धरलाय. करंगळीखाली कागद आहे, आणि तो मला कळतोय.